चर्चा : ड्यूक एलिंग्टनच्या जुन्या फिती रंगवायच्या का?

निळी शाई (धागाकर्ता)

परवा पुतण्याने एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन आणि त्याचा ऑर्केस्ट्रा, १९४२ सालची 'जॅम सेशन' नावाची तीन मिनिटांची फीत, कोणीतरी संगणकाकडून रंगवून घेतलेली. सोबत एक ओळ : "काका, आता बघण्यासारखं झालंय."

ही फीत मी काळ्या-पांढऱ्यात इतक्यांदा पाहिली आहे की सोलोंचा क्रम तोंडपाठ आहे. आधी रे नॅन्सचं व्हायोलिन, मग रेक्स स्टुअर्टचा कॉर्नेट, बेन वेब्स्टरचा टेनर सॅक्सोफोन, जो नॅन्टनचा ट्रॉम्बोन, बार्नी बिगार्डचं क्लॅरिनेट आणि शेवटी ड्रमवर सनी ग्रीअर. रंगीत प्रतीत सगळ्यांचे कपडे निळसर. कोणी सांगितलं निळसर? करड्याच्या एकाच छटेमागे लाल असेल, हिरवा असेल, निळाही असेल. संगणकाने ढीगभर फोटो पाहिलेत, त्यावरून तो अंदाज ठोकतो, आणि अंदाज ठोकणाऱ्याला निळा बरा पडतो. कोणाला खटकत नाही.

कपडे सोडा. चेहरे बघा. झाडून सगळ्यांना एकच तपकिरी. आता हा बिगार्ड न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल, म्हणजे मिश्र वंशाचा, वर्णाने उजळ. बँडमधला दुसरा उजळ माणूस म्हणजे पोर्तो रिकोचा हुआन टिझॉल, ट्रॉम्बोनवाला. १९३० मध्ये 'चेक अँड डबल चेक' या हॉलिवूडपटात हा बँड झळकला तेव्हा या दोघांना चेहऱ्यावर काळा मेकअप चढवायला लावला होता. का, तर पडद्यावर गोरे आणि काळे एकाच बँडमध्ये बसल्यासारखे दिसले तर प्रेक्षक बिथरतील! आणि त्याच सिनेमाचे दोन नायक म्हणजे तोंडाला काळं फासलेले गोरे नट.

म्हणजे १९३० मध्ये स्टुडिओने बिगार्डला रंग फासला आणि आता संगणकाने तेच काम पुन्हा केलं, तेही फुकट. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या फितींमध्ये कातडीचा रंग हाच भांडणाचा मुद्दा होता, तिथे तरी अंदाजाने रंग भरू नयेत. बोला.

माहीमचा रविवार

अहो, इतकं मनाला लावून घेऊ नका. २००४ साली 'मुगल-ए-आझम' रंगीत होऊन आला तेव्हाही असाच गहजब झाला होता. आईला घेऊन थिएटरात गेलो. आई खूश, मी खूश. काळी-पांढरी प्रत कोणी जाळली नाही, ती आहेच. ज्याला जे हवं ते बघावं. तुमच्या पुतण्याने तीन मिनिटं एलिंग्टन ऐकला, हे तुम्हाला गोड वाटायला हवं होतं.

कोल्हापुरी गूळ

रंगाची हौस आपल्याकडे फार जुनी आहे. प्रभातने १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करायला घेतला, त्यासाठी शांतारामबापू थेट जर्मनीला गेले. रंग काही जमले नाहीत. पण तो त्यांचा स्वतःचा सिनेमा होता, त्यांनीच काढलेला आणि त्यांनीच फसवलेला. इथे दुसऱ्याच्या ताटात आपण मीठ घालतोय.
(अवांतर झालं, माफी.)

चष्मिष्ट

धागाकर्त्यांचा बिगार्डचा मुद्दा मान्य. पण 'मूळ फीत' म्हणून तिला जी सोवळ्यातली वागणूक मिळते आहे ती मान्य नाही.

ही 'साउंडी' प्रकारातली फीत आहे. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने १९४० मध्ये पॅनोरॅम नावाचं कपाट बाजारात आणलं. बारमध्ये, हॉटेलांत, बसथांब्यांवर ठेवायचं. वर काचेचा पडदा, आत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, एका रिळावर आठ फिती एकापाठोपाठ. दहा सेंटचं नाणं टाकलं की पुढची जी असेल ती दिसणार, निवडायची सोय नाही. एलिंग्टन हवा होता आणि नंबर निघाला हवाईच्या नाचाचा, तर तो बघा किंवा आणखी नाणी टाका. १९४७ पर्यंत हा धंदा चालला, तेवढ्यात अठराशेहून जास्त फिती निघाल्या. म्हणजे हा बाजारातला माल होता, लोकांनी बिअर पिता पिता पाहिलेला.

दुसरं म्हणजे साउंडीत आवाज आधी रेकॉर्ड करत आणि चित्रीकरणाच्या वेळी वादक त्यावर नुसता अभिनय करत. आपल्या प्लेबॅकसारखंच. म्हणजे तुम्ही ज्याला अस्सल म्हणता त्यात ट्रॉम्बोन वाजतच नाहीये, ट्रॉम्बोन वाजवल्याचं नाटक चाललंय. मुळातच मेकअप असलेल्या चेहऱ्यावर अजून थोडी पावडर लागली, यात आभाळ कोसळलं कुठे?

निळी शाई

@चष्मिष्ट, प्लेबॅकवर ओठ हलवले म्हणून लतादीदींचा आवाज खोटा होत नाही आणि मीनाकुमारीचा चेहराही खोटा होत नाही. दोन्ही त्यांचेच. इथेही आवाज नॅन्टनचा आणि हातही नॅन्टनचेच. बेसिनचा रबरी पंप असतो ना, त्याचा रबर कर्ण्यावर उघडझाप करत तो माणूस ट्रॉम्बोनला बोलायला लावायचा. त्याची उघडझाप कशी चालायची हे जगाला दाखवणाऱ्या फिती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आणि तुमच्या सुधारित प्रतीत काय होतं? दोन चौकटींमध्ये (फ्रेम्समध्ये) संगणक आणखी चौकटी घुसडतो, हालचाल लोण्यासारखी गुळगुळीत करतो. त्यात तो पंजा वितळतो. ग्रीअरच्या हातातल्या काड्या मध्येच नाहीशा होतात, हातच रबराचे वाटतात. आवाजाची तीच गत, खरखर काढताना फुंकरही काढून टाकतात. मेकअपवर पावडर म्हणता? इथे नाकच बदललंय.

दोन पाय आठ ठेके

मी बंगळुरात लिंडी हॉप (जॅझवरचा जोडीचा नाच) शिकते, त्यामुळे माझी गरज वेगळी आहे. याच मालिकेतली 'हॉट चॉकलेट' ही १९४१ ची फीत बघा. एलिंग्टनचं 'कॉटन टेल' वाजतंय, वेब्स्टरचा सोलो होतो आणि मग व्हाइटीज लिंडी हॉपर्सच्या जोड्या घुसतात. त्यात फ्रँकी मॅनिंग आणि नॉर्मा मिलरसुद्धा आहेत. आमच्यासाठी हे पाठ्यपुस्तक आहे. त्या वेगात मूळ प्रतीत पाय म्हणजे नुसता धूर. साफ केलेल्या प्रतीत निदान कुठला पाय आधी पडला ते कळतं. रंगाशी मला देणंघेणं नाही, पण सरसकट 'हात लावू नका' म्हणाल तर आम्ही काय बघायचं?

निळी शाई

धूळ-ओरखडे काढायला माझी ना नाही. पण घुसडलेल्या चौकटींत दिसणारा पाय मॅनिंगचा नाही, संगणकाचा आहे. त्यावरून नाच शिकाल तर कधीतरी गुडघा वळत नाही तिकडे वळवाल.

दोन पाय आठ ठेके

:-) गुडघा आधीच गेलाय. पण मुद्दा पोचला. आमच्या सरांनी एक वळण तसंच शिकवलं होतं आणि ते कोणालाच जमत नव्हतं. आता शंका येतेय.

हळदोणेकर

मी गोव्याचा. आमच्या गावचा आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून गाजला. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा नाचतात, संगीत सी. रामचंद्रांचं, आणि 'दीवाना परवाना'त झालरीचे शर्ट घातलेला जो बँड दिसतो तो चिकचा. नशीबवान म्हणायचा, तोंड तरी दिसलं. बाकी कितीतरी गोवेकर सिनेमासाठी वाजवत गेले आणि श्रेयनामावलीत नाव नाही की पडद्यावर तोंड नाही.

माझे आजोबा असेच एक. एका सिनेमातल्या क्लबच्या प्रसंगात मागच्या रांगेत तीन-चार सेकंद दिसतात. व्हायोलिन आणि हनुवटी, बाकी धूसर. गेल्या गणपतीत भावाने तेवढा तुकडा यंत्रातून काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. रंगीत, लख्ख. नाक-डोळे रेखीव, दात दिसतायत. आजोबांचे पुढचे दोन दात नव्हते, ते हसताना ओठ मिटून हसायचे. तो माणूस आजोबा नाहीच.

पण आत्या (आजोबांची मुलगी, वय ८१) तो तुकडा रोज बघते आणि रडते. तिला सांगायची माझी छाती नाही. तेव्हा चूक कोण, बरोबर कोण, मला विचारू नका.

माहीमचा रविवार

@हळदोणेकर, आत्यांना नमस्कार. आणि माझं मत तुमच्या आत्यांकडे.

एक सांगायचं राहिलं. एलिंग्टन हा मुळात चित्रकार. तरुणपणी जाहिरातींच्या पाट्या रंगवायचा, न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूट या कलाशाळेची शिष्यवृत्ती त्याला मिळत होती, ती नाकारून तो संगीताकडे वळला. त्याच्या रचनांची नावं बघा : 'मूड इंडिगो', 'अझ्यूर', 'मॅजेंटा हेझ'. बँडचे सूट कुठले, उजेड कसा पडायला हवा, यात त्याचं बारीक लक्ष. ज्याला रंग इतका प्रिय, तो करड्या कैदेतून सुटला तर खूशच होईल.

निळी शाई

रविवारसाहेब, हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा, आणि तो तुमच्याच अंगावर येतोय. चित्रकाराच्या चित्रात परक्याने अंदाजाने रंग भरले तर त्याला आनंद होतो का?

आणि रंगांच्या नावांत त्याचं सगळ्यात मोठं नाव राहिलं की. २३ जानेवारी १९४३, कार्नेगी हॉल, 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज'. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गोष्ट त्याने तीन भागांत सांगितली आणि नावात कातडीच्या तीन छटा घातल्या. काळा, तपकिरी, फिकट. ते उगाच नाही. त्याच्या बँडमध्ये या सगळ्या छटा शेजारी शेजारी बसत होत्या. १९२९ च्या 'ब्लॅक अँड टॅन' लघुपटात त्याच्यासोबत फ्रेडी वॉशिंग्टन ही कृष्णवर्णीय अभिनेत्री आहे, इतकी उजळ की पुढे १९३३ मध्ये 'द एम्परर जोन्स'मध्ये तिलाही गडद मेकअप चढवावा लागला. हे सगळं ज्या संगणकाला ठाऊक नाही त्याच्या हातात मी कुंचला देणार नाही. करड्यात निदान फरक तरी दिसतो. हा जास्त करडा, तो कमी करडा.

चष्मिष्ट

मग पाटी लावा. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात टीव्ही-उद्योजक टेड टर्नरने जुने सिनेमे रंगवायला घेतले आणि रणकंदन झालं. त्यातून १९८८ चा कायदा आला, लायब्ररी ऑफ काँग्रेसची राष्ट्रीय चित्रपट यादी सुरू झाली आणि सुरुवातीची काही वर्षं तरी त्या यादीतल्या सिनेमात फेरफार असेल तर तसं प्रेक्षकांना सांगणं आलं. तुमचा 'ब्लॅक अँड टॅन' २०१५ पासून त्या यादीत आहे. 'हे रंग अंदाजाचे आहेत' एवढं पहिल्या चौकटीत लिहा आणि झोपा निवांत.

कोल्हापुरी गूळ

पाटी पहिल्या चौकटीत, आणि फॉरवर्ड होतो मधला तुकडा. झोपा निवांत!

सातवी ड

मी व्हायोलिन शिकवतो, जॅझमधलं फारसं कळत नाही. धागा वाचून दोन्ही प्रती शोधून पाहिल्या. एक बाळबोध प्रश्न : रे नॅन्स डावखुरा होता का? दोन्ही प्रतींत बो (व्हायोलिनचा गज) त्याच्या डाव्या हातात आहे.

चष्मिष्ट

अरे देवा.

नव्हता. चित्र उलटं आहे. पॅनोरॅमच्या कपाटात प्रोजेक्टरचा झोत आरशांवरून फिरवून काचेच्या मागून पाडत. आरशामुळे चित्र उलटं होणार म्हणून प्रिंटच आधी उलट्या काढत. कपाटात पाहिलं की सुलट. तीच प्रिंट साध्या प्रोजेक्टरवर चढवली किंवा स्कॅन केली की डावं-उजवं बदलतं. घरगुती वापरासाठीच्या प्रिंट सुलट असत. तुम्हाला सापडलेल्या दोन्ही प्रती कपाटातल्या प्रिंटवरून आल्या असणार. कोटाचा वरचा खिसाही बघा, उजवीकडे दिसेल. मी हे सगळं वर टंकलं आणि आरसा मात्र विसरलो.

निळी शाई

माझ्या हार्डडिस्कवरची प्रत आत्ता काढून पाहिली. पंधरा वर्षं बघतोय. बो डाव्या हातात. नॅन्टनची ट्रॉम्बोनची नळीही डाव्या हाताने मागेपुढे. मला निळसर कपडे दिसले आणि हे दिसलं नाही.

माहीमचा रविवार

मग आता काय करणार म्हणता? जशी आहे तशी ठेवायची, की हात लावायचा?

निळी शाई

उलटवून घेतली. १९४२ च्या गिऱ्हाईकाने नाणं टाकून सुलटच पाहिली होती, तेव्हा हे माझ्या हिशेबात बसतं. मला ते करता येईना, पुतण्याला सांगितलं. त्याचं काम मिनिटात झालं. म्हणाला, रंगपण ठेवू का? नको म्हटलं.