मदत हवी आहे: भारी काळ्या रानातल्या बांधाला सांडवा (जादा पाणी बाहेर सोडायची वाट) कसा द्यावा?

परभणी भागातलं खोल काळं रान, उतार साधारण २ टक्के. समपातळीतला मातीचा बांध मोठ्या पावसात फुटतो, पण पाणी वरून ओसंडत नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, बांधाला खोल भेगा पडतात. पहिलं पाणी त्यांतून आरपार घुसतं आणि आतली माती ओढून नेत भगदाड पाडतं. शिवाय ही जमीन एकदा भिजली की पाणी फार सावकाश मुरतं, बांधाला फुगवटा राहतो, सोयाबीन पिवळं पडतं.

म्हणून ०.२ ते ०.४ टक्के ढाळीचा, म्हणजे पाणी हळूहळू सांडव्याकडे नेणारा बांध नव्याने घालायचा आहे, २० सेंमीच्या थरांत पाणी मारून, धुमसून. जुनं भगदाड नुसतं बुजवलं तर सांधा उघडतोच.

अडतंय ते इथे: वरचं क्षेत्र दीड हेक्टर असेल तर सांडव्याची रुंदी किती धरावी? सांडव्याच्या दगडी पिचिंगखाली (दगडांच्या अस्तराखाली) मुरमाचा थर पुरतो, की काळी माती तरीही फटींतून निघून जाते? माती धरून ठेवायला वाळ्याचे (खस गवताचे) ठोंब ज्यांनी १५ सेंमीवर लावलेत, त्यांनी ते पहिला उन्हाळा कसे जगवले? शक्य तिथे मापं द्या. सोडलेल्या पाण्याने खालच्या शेजाऱ्याच्या रानात घळ पडायला नको.