गिल्ड म्हणजे ग्राहकाची ढाल? अजिबात नाही

ताणाबाणा
काल इथे एकाने लिहिले की मध्ययुगीन युरोपात गिल्ड, म्हणजे एकेका धंद्यातल्या लोकांचे संघ, होते म्हणून भेसळ नव्हती, आणि आजच्या बाजारातल्या लुटीवर तोच उपाय आहे. खाली +१ ची रांग लागलेली पाहून राहवले नाही.

१४व्या शतकातल्या गेंट आणि ईप्रचे (आजच्या बेल्जियममधली शहरे) भारी लोकरी कापड घ्या. लोकर निवडायची, धुवायची, लोणी किंवा तेल लावून विंचरायची, सूत काढायचे. रुंद मागावर दोन विणकर शेजारी बसून विणत. मागावरून उतरलेले कापड विरळ आणि तेलकट. ते कुंडात पाणी, मूत्र आणि तेल शोषणारी माती घालून पायांनी तीन ते पाच दिवस तुडवायचे. त्यात क्षेत्रफळ निम्म्याहून जास्त आटते आणि तंतू एकमेकांत घट्ट अडकतात. मग चौकटीच्या आकड्यांवर ताणून वाळवायचे, काटेरी बोंडांनी लव उठवायची, मोठ्या कात्रीने ती कातरायची.

नियम टप्प्याटप्प्याला होते आणि ते उगाच नव्हते. ताणताना हाव केली की लांबी वाढते, पण पहिल्या पावसात कोट आखडतो. कातरणीतला भुगा लोकरीत मिसळला तर कापड जाड दिसते आणि घासले की गळते. म्हणून तपासणी, म्हणून शिशाची मोहोर. इथवर मला मान्य आहे.

पण त्याच गेंटच्या गिल्डवाल्यांनी आसपासच्या खेड्यांत जाऊन माग फोडले. खेड्यातले कापड वाईट असेल तर मोहोर देऊ नका. माग का फोडायचा? आणि २ मे १३४५ ला गेंटच्या 'शुक्रवार बाजार' नावाच्या चौकात विणकर आणि कापड तुडवणारे मजुरीवरून एकमेकांवर तुटून पडले, कित्येक मेले. यात ग्राहक कुठे आला?

कसोटीचा_दगड
अर्धेच सांगता तुम्ही. लंडनचे सोनार घ्या. १३०० च्या कायद्याने सोने 'पॅरिसच्या कसा'चे, म्हणजे १९.२ कॅरेट, आणि चांदी १००० त ९२५ ठरली. गिल्डचे रखवालदार दुकानोदुकानी जाऊन कस बघत आणि चांदीवर बिबळ्याच्या डोक्याचा ठसा मारत. कसोटीच्या दगडावर फक्त वरचा थर कळतो. आत डाख (जोडकामाचा हिणकस धातू) जास्त भरला असेल तर दगड गप्प बसतो. म्हणून चांदी खरवडून, शिशासोबत हाडांच्या राखेच्या मुशीत तापवायची. शिसे आणि हिणकस धातू राखेत मुरतात, शुद्ध चांदीचा मणी उरतो. आधीचे आणि नंतरचे वजन हाच पुरावा.

१४७८ पासून वर्षाचे अक्षरही ठोकू लागले. दागिना खोटा निघाला तर कोणत्या वर्षीच्या परीक्षकाची मान धरायची ते कळावे म्हणून. ही ग्राहकाची ढाल नाही तर काय? आज बांगडीवरचा हॉलमार्क बघून पैसे मोजता तो याच वंशातला.

ताणाबाणा
चांदीत मुशीची परीक्षा आहे, ती कुणीही करून पाहू शकतो, म्हणून तिथे ठसा टिकला. एवढे देतो. कापडात तसे काही नाही. तिथे 'चांगले' म्हणजे काय हे आतले लोक ठरवत, आणि बाहेरच्याचे ते कधीच चांगले नसे.

लेणीवाला
सगळे युरोपातच का अडकलात? आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे आपल्याकडच्या गिल्डांकडे, ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव. २००० वर दरमहा शेकडा १, १००० वर पाऊण. हिशोब करा: पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४०, म्हणजे लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. दुसरीचे ९०. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज घ्यायचे. विणकरांवर राजाच्या जावयाचा एवढा विश्वास! गेंटच्या मारामाऱ्या कुठे आणि हे कुठे.

ताणाबाणा
साहेब, तो लेख २ऱ्या शतकातला. चर्चा मध्ययुगाची आहे. हजारेक वर्षांची उडी मारून अभिमान मिरवू नका.

लेणीवाला
मिरवत नाही, पुरावा देतो आहे. मध्ययुगच हवे तर कोल्हापूरचा ११३६ चा शिलाहार लेख वाचा. अय्यावोळेच्या (कर्नाटकातल्या ऐहोळेच्या) व्यापारीसंघाचे लोक एकत्र येऊन मालावरचे दान ठरवतात आणि ते जैन मंदिराला लावून देतात. त्यात मिरजेचेही व्यापारी आहेत.

उभा_आडवा
दोघेही मूळ प्रश्न टाळता आहात. श्रेणी आणि जात एकच मानून पुढे सगळे 'जन्माने धंदा' म्हणतील, म्हणून आधीच सांगतो: मंदसोरचा लेख बघा. लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे, रेशीमविणकर दशपुरात, म्हणजे आजच्या मंदसोरात, आले, त्यांनी ४३६-३७ मध्ये सूर्यमंदिर बांधले, ४७२-७३ मध्ये डागडुजी केली. तोच लेख सांगतो की त्यांच्यातले काही धनुर्विद्येत गेले, काही ज्योतिषात. धंदा सुटला तरी श्रेणी सुटली नाही.

कसोटीचा_दगड
मग हे गिल्ड कसे? तलवार घेणाऱ्याच्या कापडाचा दर्जा कोण बघत होते? लेखात दर्जाचा शब्द नाही, सूर्याची स्तुती आहे.

उभा_आडवा
असलेले नाकारायचे आणि नसलेले मागायचे! शिलालेख दानपत्र असतो, तपासनिसाची वही नसते.

ताणाबाणा
वही हवी तर फ्लॉरेन्सला चला. २१ गिल्ड होते, ७ मोठे आणि १४ लहान. लोकर गिल्डचा स्वतःचा परदेशी अधिकारी होता, मजुरांना शिक्षा करायला. लोकर बडवणाऱ्या आणि विंचरणाऱ्यांना मात्र स्वतःचा गिल्ड काढायला बंदी. १३७८ च्या जुलैत ते उठले, विंचरणारा मिकेले दि लांदो नगरप्रमुख झाला, तीन नवे गिल्ड निघाले. सगळ्यात गरिबांचा गिल्ड काही आठवड्यांतच मोडला, उरलेले दोन १३८२ मध्ये. कापडाचा दर्जा या लोकांच्या बोटांत होता, आणि मोहोर ज्यांच्या हाती होती त्यांनी त्यांनाच दाराबाहेर ठेवले.

कसोटीचा_दगड
फ्लॉरेन्सचे नाकारत नाही. पण लोकर गिल्डने केले ते लंडनच्या सोनारांच्या माथी मारू नका. प्रत्येक गिल्डची वही वेगळी उघडा, मग बोलू.