मदत हवी आहे: १/४८ मिग-२१ बिस, रेझिनचं कॉकपिट आणि न बसणारा वैमानिक

ओझरचा_पोरगा

नमस्कार मंडळी,

एडुआर्ड कंपनीचं मिग-२१ बिसचं १/४८ मापाचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं) प्लास्टिक मॉडेल करायला घेतलंय. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला आणि तेव्हापासून कपाटातलं हे किट उघडायचा तगादा घरातून सुरू आहे. बाबा ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे मिग बनवणाऱ्या विमान कारखान्यातून, निवृत्त झालेत. ते याला बिस म्हणतच नाहीत, टाइप ७५ म्हणतात. त्यांच्या अटी दोन: कॉकपिट उघडं हवं, आणि विमानाच्या आसपास माणसं हवीत.

म्हणून किटच्या जोडीला बाहेरचं रेझिन, म्हणजे किटमधल्या भागांऐवजी बसवायचे साच्यात ओतलेले सुटे भाग, मागवलं. पूर्ण कॉकपिट (टब म्हणजे तळ आणि बाजूंची पेटी, पॅनेल, केएम-१ इजेक्शन खुर्ची), शेपटीचं नॉझल, तीन चाकं, एक बसलेला वैमानिक आणि दोन उभे ग्राउंड क्रू. सगळं वेगवेगळ्या कंपन्यांचं, नावं मुद्दाम लिहीत नाही. पार्सल यायला लागलेला वेळ आणि भरलेली ड्यूटी बघता एखादा भाग वाया गेला तर पुन्हा मागवणं होणार नाही. म्हणून करवत लावण्याआधी विचारतोय.

टबाच्या तळाला ओतकामाचा जाड ठोकळा आहे. तो नेमका कुठपर्यंत कापायचा हे सूचनापत्रकातल्या धूसर फोटोवरून समजत नाही. गोंद न लावता जुळवून बघितलं तर फ्यूजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन अर्धे भाग मिटत नाहीत, वर दोनेक मिलिमीटरची फट राहते. वैमानिक त्या खुर्चीत बसत नाही, कमरेत अडकतो. शिवाय खुर्चीवर वैमानिकाला बांधायचे पट्टे ओतलेले आहेत आणि वैमानिकाच्या अंगावरही आहेत. नॉझल भरीव आणि जड आहे, विमान शेपटीवर बसेल अशी भीती वाटते. आणि सगळे भाग हाताला तेलकट लागतात. यांना गोंद कोणता लावायचा?

चिमटा_आणि_भिंग

तेलकटपणाचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. भाग सिलिकोनच्या साच्यातून सुटावा म्हणून जे लावतात ते वर राहिलेलं असतं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश, मग साधं पाणी, रात्रभर वाळू द्या. बेसिनचं भोक आधी बंद करा किंवा चहाच्या गाळणीत धुवा. थ्रॉटलचा दांडा पाण्याबरोबर गेला की गेला.

गोंद: मॉडेलचं नेहमीचं पातळ सिमेंट विसरा. ते पॉलिस्टायरीन विरघळवून जोडतं, आणि हे पॉलियुरेथेन आहे, विरघळतच नाही. सुपरग्लू किंवा दोन ट्यूबवालं इपॉक्सी. छोट्या भागांना फेविक्विक चालतं. टब किंवा नॉझलसारख्या भागांना अराल्डाइट, म्हणजे जागेवर हलवून नीट बसवायला वेळ मिळतो.

आता मुख्य मुद्दा. टब हवाच का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, मी विचारते. बिसची कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण, उजवीकडे उघडते, पुढची काच जागेवरच राहते. बघणारा डावीकडून आणि वरून बघतो. त्याला खुर्चीचा माथा, पट्टे, पॅनेलचा वरचा भाग आणि डाव्या बाजूची थोडी पट्टी दिसते. वैमानिक बसवलात तर तेही नाही, त्याचे गुडघे आणि हेल्मेट तेवढं दिसतं. त्या टबासाठी फ्यूजलाज आतून घासत बसणं हा माझ्या मते वेळेचा अपव्यय आहे. किटचा टब वापरा.

इसारकाठ

चिमटाताई नेहमीप्रमाणे अर्ध्या बरोबर! वैमानिक बसवणार असतील तर टब नको, मान्य. पण कॉकपिट रिकामं आणि उघडं ठेवलं तर रेझिनच्या टबाची खोली वेगळीच दिसते. किटमधले रंगीत मेटलचे पॅनेल भिंगातून सुंदर, पण शेवटी सपाट. रेझिनमध्ये स्विच खरंच वर आलेले असतात, कडेने प्रकाश पडला की फरक कळतो.

@ओझरचा_पोरगा, टब ठेवायचा असेल तर असं करा. ठोकळा एका दमात कापू नका. टबाच्या बाजूला बारीक खाच असते, ठोकळा आणि खरा भाग तिथे वेगळे होतात. त्या रेषेच्या एक मिलिमीटर बाहेरून रेझर सॉने कापा आणि उरलेलं वॉटर पेपरवर पाण्याखाली घासून संपवा. तळ अधूनमधून उजेडासमोर धरा. रेझिन अर्धपारदर्शक दिसायला लागलं की थांबा, पुढे भोक आहे. मिगमध्ये कॉकपिटच्या खालीच पुढच्या चाकाचा खण असतो, त्यामुळे तळ जाड राहिला तर टब वर ढकलला जातो. तुमची दोन मिलिमीटरची फट बहुतेक तिथूनच येते आहे, बाजूंनी नाही.

बाजू खरंच अडतात का हे बघायला टबाच्या बाहेरून मऊ पेन्सिल किंवा लिपस्टिक फासा, फ्यूजलाजमध्ये दाबून काढा. जिथे डाग उमटला तेवढंच प्लास्टिक आतून घासा. सगळीकडे सरसकट घासलं की भिंत कागदासारखी होते आणि नंतर बाहेरून रंगाखाली दबते.

पक्कडराव

घासण्याबद्दल एकच, आणि हे गमतीत घेऊ नका: रेझिन कोरडं घासायचं नाही. ती पीठासारखी धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. पाण्याखाली घासा, एन-९५ मास्क लावा, नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसा. पंखा बंद. जेवणाच्या टेबलावर तर अजिबात नाही.

नॉझलबद्दल: भीती खरी आहे. रेझिन प्लास्टिकपेक्षा जड, त्यात भरीव, त्यात मुख्य चाकांच्या मागे सर्वात लांब. मुख्य पाय जिथे येतात तिथे फ्यूजलाज पेन्सिलीवर तोलून बघा. सगळे भाग टेपने चिकटवून, नॉझल आणि कॉकपिटसकट. शेपूट खाली गेली तर नाकात वजन. मिगच्या नाकातला शंकू त्यासाठीच केल्यासारखा पोकळ असतो, त्यात मासेमारीच्या शिशाच्या गोळ्या इपॉक्सीत बसवा. लागेल त्याहून थोडं जास्तच घाला, रंग आणि बाकीचे भाग अजून यायचे आहेत. फ्यूजलाज मिटल्यावर हे सुचलं तर काही उपयोग नाही.

चाकं रेझिनची घेतलीत ते उत्तम. जमिनीला टेकणारा भाग थोडा चपटा असतो, विमानाला वजन आहे असं वाटतं. चाकांचे पाय मात्र किटचेच ठेवा. रेझिनचे बारीक पाय वर्ष-दोन वर्षांत वजनाने वाकतात.

ओझरचा_पोरगा

खूप आभार सगळ्यांचे. तळाचं बरोबर निघालं. टब न कापता नुसता चाकाचा खण काढून बघितला तर फट जवळजवळ गेली. म्हणजे घासायचं ते खालूनच.

वैमानिकाचं काय करू? बाबांना तो बसलेला हवाय.

चिमटा_आणि_भिंग

मग सोपं आहे. बसलेली फिगर कुठल्यातरी एका खुर्चीसाठी घडवलेली असते. पाकिटावर बघा, बहुतेक मार्टिन-बेकर या ब्रिटिश कंपनीच्या खुर्चीसाठीची असेल. मिगची केएम-१ वेगळी, पाठीचा कोन वेगळा, बैठक अरुंद. तुमच्या वैमानिकाच्या अंगावर पट्टे आहेत, म्हणून खुर्ची पट्ट्यांशिवायची हवी. ती तुमच्याकडे आहेच: किटमधली प्लास्टिकची. तिच्यावर मेटलचे पट्टे लावू नका, बस्स. वैमानिकाची मांड्यांखालची आणि पाठीची बाजू घासा, दिसत नाही ती. हात खांद्यातून वेगळे असतील तर सगळ्यात शेवटी चिकटवा, थ्रॉटल आणि कंट्रोलच्या दांड्यापर्यंत पोचतात ना ते बघून.

रेझिनची खुर्ची पुढच्या मिगसाठी ठेवा. फक्त ते मिग-२१ एफएल, म्हणजे टाइप ७७ असेल तर नाही चालणार. त्यात जुनी एसके खुर्ची आणि पुढून उघडणारी कॅनॉपी.

इसारकाठ

हेल्मेट मात्र बघून घ्या. पाश्चात्त्य वैमानिकाचं डोकं रशियन विमानात बसवलं की जाणकाराला लगेच खटकतं. काही कंपन्या सुटी डोकी विकतात. फिगर घेताना माझी पसंती बेल्जियमच्या पीजे प्रॉडक्शनला, आणि खिसा परवानगी देईल तेव्हा फ्रान्सच्या रीडोकला. रीडोक खऱ्या माणसांना स्कॅन करून थ्रीडी प्रिंट करतात, कपड्यांच्या चुण्यासुद्धा पटतात. पण ते प्रिंटचं रेझिन ठिसूळ असतं. आधाराच्या काड्या चिमट्याने मोडू नका, कोमट पाण्यात बुडवून मऊ करा आणि धारदार निपरने भागापासून थोडं दूर कापा, उरलेलं घासा.

दोन उभ्या फिगरचा फोटो टाकाल का?

ओझरचा_पोरगा

फोटो संध्याकाळी टाकतो. दोघेही रशियन दिसतात, एकाच्या जॅकेटला केसाळ कॉलर आहे.

पक्कडराव

केसाळ कॉलर आणि राजस्थानातल्या सुरतगड तळावरचा जून! दुसऱ्याच्या हातात पाण्याची बाटली तरी द्या.

मुठाकाठचा_म्हातारा

मी थोडा आडवा मुद्दा मांडतो. तुम्ही विमान कुठे उभं करताय? हवाई दलाच्या तळावर की ओझरला?

बाबा एचएएलमध्ये होते म्हणता. तिथे कारखान्यातून नवं बाहेर काढलेल्या विमानाशेजारी हवाई दलाचे वायुसैनिक नसणार, एचएएलचे कामगार असणार. म्हणजे शर्ट-पँट घातलेली साधी माणसं. मग हे दोन्ही रशियन बाजूलाच ठेवा आणि लढाऊ विमानांच्या फिगर शोधूही नका. रेल्वे मॉडेलवाल्यांकडे जा. अमेरिकेतलं ओ स्केल म्हणजे १/४८ च. त्यात रेल्वे कामगार, मिस्त्री, फलाटावरचे प्रवासी सगळं मिळतं. ब्रिटिश ओ गेज घेऊ नका, ते १/४३.५ असतं. १७० सेंटिमीटरचा माणूस १/४८ मध्ये साडेतीन सेंटिमीटर, ब्रिटिश मापात जवळजवळ चार. विमानाशेजारी उभा केला की पैलवान दिसतो.

डोक्यावरची पाश्चात्त्य टोपी कापून टाकायची, केस इपॉक्सी पुट्टीने. एम-सील चालते, पण लवकर घट्ट होते, थोडी थोडीच मळा. पायाच्या टाचेतून बारीक ड्रिलने भोक पाडून पितळी तार बसवा, रंगवताना हातात धरायला उपयोगी आणि नंतर तळफळीवर उभं करायलाही.

आणि ओझरचं नवं विमान करणार असाल तर धूर, ओघळ, खरवडलेला रंग काही नको. हल्ली सगळे मिग इतके मळवतात की भंगारातून आणल्यासारखे दिसतात.

चिमटा_आणि_भिंग

हे मस्त आहे. मी माघार घेते, पहिल्यांदा धाग्यात कामाचं कुणीतरी बोललं.

पण मग उघड्या कॉकपिटात हेल्मेट घातलेला वैमानिक आणि शिडीजवळ दोन कामगार. म्हणजे चाचणी उड्डाणाच्या आधीचं दृश्य. बाबांना विचारा तेव्हा नेमकं कोण कुठे उभं असायचं. आमच्यापैकी कुणालाही त्यांच्याइतकं माहीत नाही.

प्रायमरचं विसरू नका. रेझिनवर ॲक्रिलिक थेट लावलं तर टेपबरोबर निघून येतं. मिस्टर सरफेसर १२०० सारखं लॅकर प्रायमर सगळ्या रेझिनवर. राखाडी कोटात बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकंही दिसतात, त्यांत सुपरग्लूचा थेंब, घासा, पुन्हा प्रायमर.

ओझरचा_पोरगा

ठरलं. वैमानिक किटच्या खुर्चीत. खाली ओझरचं डांबर. रशियन दोघे डब्यात. टब रेझिनचाच ठेवतोय, चिमटाताई रागावू नका, तळ अर्धा घासून झालाय आणि आता थांबवत नाही.

बाबांना विचारलं कामगारांच्या कपड्यांचा रंग काय होता. म्हणाले, ते सांगतो नंतर, आधी ती पिटो नळी (नाकापुढची, वेग मोजणारी) वाकडी आहे ती सरळ कर. किटची प्लास्टिकची आहे. गरम पाण्यात धरून सरळ होईल का?

पक्कडराव

नका करू. होईल सरळ आणि पुढच्या वेळी बाहीला अडकून मोडेल. कापून टाका. मास्टर नावाच्या पोलिश कंपनीची पितळेची मिळते, टोकाला सुईसारखी. नाकाला बारीक ड्रिलने भोक आत्ताच पाडून ठेवा, नळी मात्र सगळं रंगवून, वॉर्निश मारून, अगदी शेवटी. तोवर डब्यात. आणि डबा बाबांकडे ठेवू नका.