अनुभव धागा : अशक्त लेकराची खूण घरच्यांना कशी दाखवता?

कमी वजनाचं, दिवस भरायच्या आत झालेलं किंवा कुपोषित लेकरू मोठ्यानं मागत नाही. त्याच्या बारीक खुणा आईबापाला, आजीला ओळखता याव्यात म्हणून नेमकं काय करता, ते लिहा.

आशा, मेळघाट
"लय गुणाचं आहे जी, रडतच नाही," असं कोणी म्हटलं की आधी वजन बघायचं. अडीच किलोच्या आतलं बाळ भुकेलं असूनही झोपून राहतं. दर दोन तासांनी, रात्रीही, पांघरूण काढून तळवे चोळून उठवायचं. ओठ चाटणं, मूठ तोंडाशी नेणं ही भूक. रडेपर्यंत थांबलं तर दमलेलं बाळ नीट ओढत नाही. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवसाच्या घरभेटीत आधी गप्प बसून पाजणं बघा. आईनं स्वतः ओळखलेली एक तरी खूण तिला बोलून दाखवा, मग सल्ला.

सिस्टर, नवजात कक्ष
कांगारू पद्धतीत, म्हणजे अंगाला अंग लावून ऊब देताना, बाळ आईच्या उघड्या छातीवर उभं, पाय बेडकासारखे, मान एका कुशीला, नाक-तोंड कायम दिसतं. एका वेळी किमान एक तास. बापानंही घ्यावं. मे महिन्यात वरून एकच पातळ ओढणी, पंख्याचा झोत अंगावर नको. पोट ऊबदार पण तळपाय गार असतील तर ऊब कमी पडतेय. सहा महिन्यांच्या आत उन्हाळ्यातही पाणी नाही, दूधच जास्त वेळा.
बोटं फाकवणं, उचकी, तोंड फिरवणं म्हणजे 'आता पुरे'. तेव्हा बोलणं, थोपटणं थांबवून एक तळहात डोक्यावर, एक तळपायांवर नुसता ठेवायचा.

अंगणवाडी सेविका, यवतमाळ
वेचणीच्या दिवसांत माय वावरात, लेकरू आजीपाशी. म्हणून शिकवायचं आजीला, तेही "तुमचं चुकतं" न म्हणता. दंडाचा घेर ११.५ सेंमीच्या आत असलेलं, म्हणजे अतिकुपोषित लेकरू खेळतही नाही, मागतही नाही. वेगळी वाटी, समोरासमोर बसणं, एक घास, मग थांबून तोंडाकडे बघणं. कोंबून भरवलं की पुढच्या वेळी चमचा दिसताच ओठ मिटतात. त्यानं "बा" म्हटलं की आपणही "बा" म्हणायचं आणि वाट बघायची. अशक्त लेकरू उत्तर उशिरा देतं, आणि मोठी माणसं तेवढ्यात उठून जातात.

आशा, मेळघाट
एक राहिलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल किंवा पिणं थांबलं असेल, तर शेक-घुटीत वेळ न घालवता १०२ किंवा १०८ ला फोन. गाडीतही बाळ छातीलाच.