मदत हवी आहे: स्कूल बसची लेखी परीक्षा तोंडावर, आकड्यांचा नुसता काला झालाय

निळीसायकल:
स्कूल बस चालवायच्या लायसन्सची लेखी पुढच्या आठवड्यात आहे. पुस्तक वाचून झालं, पण आकडे डोक्यात राहत नाहीत. दहा फूट, पंधरा फूट, पन्नास, शंभर, दोनशे, सगळं एकात एक मिसळतं. सराव परीक्षेत कधी पास, कधी नापास. कुणी दिली असेल तर नेमकं काय विचारतात ते पटकन सांगा. "मन लावून अभ्यास करा" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

आबा६१:
ताई, घाबरू नका. लर्निंगच्या परीक्षेला १५ प्रश्न असतात, ९ बरोबर आले की पास. खरी कटकट नंतर, बॅज काढताना. पोलीस पडताळणीचा कागद आधीच तयार ठेवा. आणि २०११ ची महाराष्ट्राची स्कूल बस नियमावली एकदा नजरेखालून घाला. अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मदतनीस, सगळं त्यात आहे. पण फूट कुठून आले? आपल्याकडे मीटर असतात.

निळीसायकल:
आबा, मी अमेरिकेत आहे. म्हणून तर फूट लिहिलेत.

गिअरबॉक्स:
फुटावरून आम्ही देश ओळखायचा होय? :)
राज्य कोणतं? क्लास बी की सी, म्हणजे मोठी बस की छोटी? आणि "लेखी" म्हणजे कोणती लेखी? जनरल नॉलेज, एअर ब्रेक, पॅसेंजर आणि स्कूल बस असे चार वेगळे पेपर असतात. एअर ब्रेकचा पेपर दिला नाहीत तर लायसन्सवर एल निर्बंध बसतो आणि एअर ब्रेकची बस चालवता येत नाही. एवढं सांगा, मग बोलू.

निळीसायकल:
न्यू जर्सी. क्लास बी. जनरल झाला. बाकीचे तिन्ही आहेत. पण अडचण स्कूल बसच्या पेपरचीच आहे, बाकी येतं.

काजूकतली:
ग्रीन कार्ड आहे का? ईएडीवर (कामाच्या तात्पुरत्या परवान्यावर) असाल तर आधी एमव्हीसीत, म्हणजे न्यू जर्सीच्या आरटीओत, चौकशी करा. २०२५ च्या सप्टेंबरअखेर नॉन-डोमिसाइल्ड सीडीएलचे (परदेशी नागरिकांच्या व्यावसायिक लायसन्सचे) नियम एकदम आवळले, मग ते प्रकरण कोर्टात गेलं. माझ्या ओळखीत एकीचं सगळं तिथेच अडकलं.

निळीसायकल:
आहे ग्रीन कार्ड. मला फुटांचं विचारायचंय हो.

सुरंगी:
मी याच राज्यात स्कूल बस चालवते. आकडे सुटे पाठ केलेत तर राहणारच नाहीत. प्रत्येक आकडा कशासाठी आहे ते बघा.

दहा फूट म्हणजे मूल. बसच्या चारही बाजूंचा धोक्याचा पट्टा धरायचा: डावीकडे दहा, उजवीकडे दहा, मागे दहा. पुढे मात्र तीस फुटांपर्यंत, आणि त्यातले पहिले दहा सगळ्यांत वाईट, कारण तिथे लहान मूल तुमच्या सीटवरून थेट दिसतच नाही. सराव परीक्षेत ही तीस-दहाची जोडी उलटी करून विचारतात, तिथे माणूस फसतो. डावी बाजू कायम धोक्याची धरायची, कारण तिकडून गाड्या जातात. थांब्यावर मुलं उभी असतील तर बंपर त्यांच्यापासून किमान दहा फुटांवर थांबवायचा. मुलांना रस्ता ओलांडायचा असेल तर त्यांनी आधी बसच्या बाजूपासून दहा फूट लांब यायचं, मग पुढच्या उजव्या कोपऱ्याच्या किमान दहा फूट पुढे येऊन तुमच्या खुणेची वाट बघायची. म्हणजे मूल आणि बस यांच्यामधलं अंतर विचारलं आणि डोकं बंद पडलं, तर दहा.

पंधरा आणि पन्नास म्हणजे रूळ. जवळच्या रुळापासून पंधरा फुटांच्या आत जायचं नाही, पन्नासच्या मागे थांबायचं नाही. थांबलात की रेडिओ बंद, मुलं गप्प, दार आणि तुमची खिडकी उघडून कान द्यायचा. निघताना दार लावायचं आणि रुळावर असताना गिअर बदलायचा नाही. पॅसेंजरच्या पेपरातही पन्नास येतो, तो उघडणाऱ्या पुलाचा. तिथेही थांबायचं, पुलाच्या किमान पन्नास फूट अलीकडे.

दोनशे दोन ठिकाणी आहे. सपाट आरशांतून मागे दोनशे फूट, म्हणजे चार बसच्या लांबीइतकं दिसलं पाहिजे. आणि थांब्याच्या किमान दोनशे फूट किंवा साधारण ५ ते १० सेकंद आधी पिवळे लुकलुकते दिवे लावायचे. लाल दिवे नंतर: बस पूर्ण थांबली, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये टाकली, हँडब्रेक लावला, गाड्या लांब आहेत ते बघितलं, मग लाल दिवे, आणि थांबा-पाटी बाहेर आली ना याची खात्री. हा क्रम मागेपुढे करून पर्याय देतात.

शंभर आणि तीनशे म्हणजे बस रिकामी करणं. मुलांना रस्त्यापासून किमान शंभर फूट दूर, येणाऱ्या वाहतुकीच्या दिशेने न्यायचं. घातक रसायन सांडलं असेल तर किमान तीनशे, आणि वारा जिकडून येतोय तिकडे.

गिअरबॉक्स:
छान आहे, पण एवढा पसारा कशाला? मोबाइलवर फुकट अ‍ॅप आहेत. रोज प्रश्न सोडवत राहायचे, तेच प्रश्न फिरून फिरून येतात. पास व्हायला ८० टक्के लागतात, पीएचडी करायची नाहीये. मी ट्रकचं लायसन्स असंच काढलं.

सुरंगी:
ट्रकमध्ये मागे चाळीस मुलं नसतात.

गिअरबॉक्स:
विषय परीक्षेचा चाललाय, मुलांचा नाही. बाय द वे निळीसायकल, एअर ब्रेकमध्ये हमखास येतं: हवेचा दाब ६० पीएसआयच्या (दाबाचं एकक) खाली जायच्या आत इशारा मिळाला पाहिजे. दाब सांभाळणारा गव्हर्नर १२५ च्या आसपास हवेचा पंप थांबवतो, १०० च्या आसपास परत सुरू करतो. स्प्रिंग ब्रेक २० ते ४५ च्या दरम्यान आपोआप लागतात.

भटकी_मांजर:
६० नाही, ५५.

गिअरबॉक्स:
मी ६० लिहून पास झालोय.

भटकी_मांजर:
झाला असाल. जुन्या मॅन्युअलमध्ये ६० होतं, नव्या आवृत्त्यांत ५५ आहे. म्हणूनच अ‍ॅपच्या भरवशावर राहू नये. ते कुठल्या साली आणि कुठल्या राज्यासाठी बनवलंय कुणाला ठाऊक. स्वतःच्या राज्याच्या चालू मॅन्युअलमध्ये छापलंय ते उत्तर बरोबर. निळीसायकल, तुम्ही वाचलंत ते पुस्तक कुठलं? एमव्हीसीचं की विकतचं?

रानवारा:
मुळात स्कूल बसच का? सकाळी दोन तास, दुपारी दोन तास, मध्ये घरी बसा, उन्हाळ्यात पगार नाही. क्लास बी काढताच आहात तर डिलिव्हरी ट्रक घ्या. मुलांची कलकल नाही, आयांचे फोन नाहीत.

काजूकतली:
ज्यांची स्वतःची मुलं शाळेत आहेत त्यांना नेमकी हीच वेळ सोयीची असते. काही ठिकाणी आरोग्य विमाही मिळतो. सगळ्यांनी ट्रक चालवायचे तर शाळेत मुलं कशी जाणार?

आबा६१:
अवांतर: तिकडच्या बसही आपल्यासारख्या पिवळ्या का असतात? की आपणच त्यांचा रंग उचलला?

भटकी_मांजर:
आबा, १९३९ च्या एप्रिलमध्ये फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये परिषद भरवली होती. तिथे देशभरातल्या स्कूल बससाठी मापं ठरली आणि हा पिवळाही ठरला. पहाटे-संध्याकाळी त्यावरची काळी अक्षरं चटकन वाचता येतात म्हणून. हे परीक्षेत येत नाही.

निळीसायकल:
अ‍ॅपवरच करत होते, पुस्तकही विकतचंच आहे, जुनं. एमव्हीसीचं आता उतरवून घेतलं.
सुरंगीताई, खूप उपयोग झाला. पण दोन प्रश्न राहिले. एक, इथे थांबलेल्या स्कूल बसपासून पंचवीस फूट असं कुठेतरी वाचलं, ते तुमच्या यादीत नाही. दोन, बस रुळावर बंद पडली आणि आगगाडी येताना दिसली, तर मुलांना गाडीच्याच दिशेने न्यायचं असं उत्तर दाखवतंय. हे छापताना चुकलंय ना?

सुरंगी:
पंचवीस फूट बाकीच्या गाड्यांसाठी. न्यू जर्सीत लाल दिवे लागलेले असताना इतरांनी बसपासून किमान पंचवीस फुटांवर थांबायचं. तुम्ही बसमध्ये बसलाय, बसच्या बाहेरचा नियम तुमच्या यादीत मिसळू नका.

दुसरं चुकलेलं नाही. रुळापासून शक्य तितकं लांब जायचंच, पण तिरकं, गाडी जिकडून येतेय त्या अंगाला. गाडी बसला धडकली की बस आणि तिचे तुकडे गाडी चाललीय त्याच दिशेला फेकले जातात. उलटीकडे पळालात तर तुम्ही नेमके त्यांच्या वाटेत. हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा चुकतो, कारण मन सांगतं उलटं.

असे मनाविरुद्धचे अजून थोडे. मागे वळवून बस फिरवायची असेल तर थांब्यावरच्या मुलांना आधी बसमध्ये घ्यायचं, मग मागे घ्यायची. उतरवताना उलट: आधी मागे घेऊन व्हायचं, मग उतरवायचं. मुलं रस्त्यावर असताना बस मागे जाता कामा नये, एवढं धरलं की दोन्ही उत्तरं येतात. आणि उतरलेली मुलं मोजताना एक कमी भरलं तर आरशात शोधत बसायचं नाही. बस नीट लावायची, किल्ली काढून घ्यायची, खाली उतरून बसभोवती आणि बसखाली बघायचं.

गिअरबॉक्स:
हे बरं सांगितलंत. रुळाचं माझंही चुकलं असतं.

रानवारा:
टॉर्नेडो आला तर काय करायचं तेही असतं ना त्यात?

भटकी_मांजर:
असतं. समोरून येताना दिसला आणि जवळ इमारत नसेल तर मुलांना खड्ड्यात किंवा चरात पालथं झोपवायचं, हात डोक्यावर, आणि बस अंगावर उलटणार नाही इतकं दूर. न्यू जर्सीत असलात तरी पेपरात येऊ शकतं.

काजूकतली:
निळीसायकल, लेखीनंतरचं ठरवलंय का? पर्मिट (शिकाऊ लायसन्स) मिळाल्यावर रोड टेस्टसाठी १४ दिवस थांबावंच लागतं. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून क्लास बी, पॅसेंजर आणि स्कूल बस, तिन्हींसाठी सरकारी नोंदणीतल्या संस्थेकडून एंट्री लेव्हल ट्रेनिंग घेतल्याशिवाय रोड टेस्टला बसूच देत नाहीत. कुणी मोकळ्या मैदानात शिकवतो म्हणाला तर नोंदणी आधी तपासा. आणि मेडिकल कार्ड?

निळीसायकल:
ट्रेनिंग बस कंपनीच देणार आहे, नोंदणीत नाव बघितलंय. मेडिकल झालं. बोटांचे ठसे व्हायचेत.
आता एकच. रोड टेस्टच्या आधी इंजिनाचं झाकण उघडून एकेक भाग दाखवायला लावतात असं कंपनीतली एक बाई म्हणाली. दुसरी म्हणते स्कूल बसवाल्यांना त्यातून सूट आहे. खरं काय? मला त्यातलं पाणी कुठे आणि तेल कुठे एवढंच कळतं.

गिअरबॉक्स:
सूट आहे, पण ती केंद्राने राज्यांना दिलेली मुभा आहे. राज्याने घेतली असेल तरच. आणि त्या सवलतीवर लायसन्स काढलं तर ते फक्त राज्यातल्या स्कूल बसपुरतं. उद्या रानवाराचा ट्रक चालवायचा म्हटलंत तर ती परीक्षा परत.

रानवारा:
माझा ट्रक मी देत नाही.

सुरंगी:
सुटेवर विसंबू नका, शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. पट्टे, होज, ऑइलची कांडी, स्टीअरिंग बॉक्स. आधी हे सांगा, बस कुठली मिळणार आहे? पुढे नाक असलेली की चपट्या तोंडाची? चपटीत इंजिन बऱ्याचदा मागे असतं, मग दाखवायचा क्रम सगळा बदलतो.

निळीसायकल:
पिवळी आहे. उद्या विचारून सांगते.