मदत हवी आहे: दुसऱ्या वर्षाला आहे आणि केमिस्ट्रीतून मन उडालंय

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण बरे आहेत, अडचण ती नाही. टायट्रेशन करताना ब्युरेटमधून थेंब पडतो, फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग येतो आणि मला काहीच वाटत नाही. पहिल्या वर्षी असं नव्हतं.

उलट मिरकरवाडा बंदरावर सकाळी होड्या लागल्या की पाय निघत नाही. परवा गाभोळीने भरलेला बांगडा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत उभा होतो.

शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तर दारातच आहे. पण तिथली पदवी 4 वर्षांची, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. घर चालतं ते आंब्याच्या थोड्या कलमांवर, त्यात यंदा मोहोर गळला. बाबांकडे आणखी 4 वर्षं मागायला जीभ रेटत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दुसऱ्या वर्षानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. तसं करू, की पदवी पुरी करून मग सागरी विषयात एमएस्सीकडे वळू? तुमच्यापैकी कोणी असं मध्येच वळलंय का? आणि घरी कसं सांगितलंत, तेही लिहा. परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत ठरवायचंय.