खांद्याचं ऑपरेशन होऊन साडेचार महिने झाले, यंदा काठी पेलता येईल का?

बाळीवेसकर
नमस्कार मंडळी. वय ४६. जूनमध्ये गाडीवरून पडलो, उजव्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू, फाटला, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. सहा आठवडे हात झोळीत होता, तेव्हाच्या उकाड्यात काखेत घामोळं उठलेलं, रात्री खुर्चीत टेकूनच झोपायचो. नंतर दीड महिना फिजिओला गेलो, पण दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी सुरू झाली आणि ते सुटलं ते सुटलंच. आता हात वर जातोय पण सरळ जात नाही, आधी खांदा कानाकडे उचलला जातो मग हात, आणि संध्याकाळी मान आखडते. आंघोळीची बादली अजून डाव्या हातानंच उचलतो.
आमच्याकडं आजोबांपासून सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलायचा मान आहे. संक्रांतीला सात महिने होतील. सरावाला तर त्याच्या आधीच उतरावं लागतं. मित्र म्हणतो जिम लाव, पाच किलोचा डंबेल मार, महिन्यात ताकद येते. काय करू? कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, मनातून हा विषय जातच नाहीये.

विडी घरकुलची ताई
दादा, माझं पण हेच ऑपरेशन झालं, मला शुगर आहे त्यामुळं खांदा लई आखडला होता. शुगर असली की खांदा जास्त धरतो असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं, तुम्ही पण एकदा तपासून घ्या. माझी परीक्षा म्हणजे भाकरी. चौथ्या महिन्यात पीठ मळायला बसले तर दोन मिनिटात हात थरथरायला लागला, रडूच आलं. मग सुनेनं मळून द्यायचं आणि मी नुस्ती एक थापायची, चार दिवसांनी दोन, असं करत गेले. थापताना कोपर अंगाजवळ ठेवायचं, हात लांब करून ताण द्यायचा नाही. आठव्या महिन्यात दहा कडक भाकरी एका बैठकीत केल्या. तुम्ही पण एकदम मोठ्या कामाला हात घालू नका.

खांदा फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांद्याचे पेशंट रोज बघतो. तुम्हाला न तपासता फक्त एवढंच सांगू शकतो, पण नीट वाचा.
खांदा कानाकडे उचलला जातो याचा अर्थ शिवलेला स्नायू अजून कमजोर आहे आणि मानेचा स्नायू त्याचं काम ओढतोय. मान म्हणूनच आखडते. अशा वेळी पाच किलोचा डंबेल घेतला तर मानेचाच व्यायाम होईल, आणि शिवलेल्या जागेवर झटका बसेल तो वेगळाच. ऑपरेशनमध्ये स्नायूची दोरी हाडाला टाक्यांनी बांधतात, पण ती हाडाला खरी चिकटायला महिने लागतात. साधारण तीन महिन्यांनंतर हलकी ताकद वाढवायला सुरुवात करतात, ते तुमचं सुटलंय, म्हणजे आता तिथूनच धरायचं.
डाव्या कुशीवर झोपा, उजवं कोपर बरगडीला लावा, मध्ये टॉवेलची घडी, हातात अर्धा लिटरची पाण्याची बाटली. कोपर न हलवता पंजा हळू वर, त्याहून हळू खाली. दहा ते पंधरा वेळा, तीन सेट, एक दिवसाआड. जड गेलं तर बाटली अर्धी रिकामी करा. दुसरं, पिवळा थेराबँड, म्हणजे व्यायामाचा हलका रबरी पट्टा, खिडकीच्या गजाला बांधून कोपर मागे ओढा, पाठीची पाती एकमेकींजवळ यायला पाहिजेत. तिसरं, भिंतीवर हात टेकून जोर. आरशासमोर करा, खांदा उचलला गेला की थांबा.
दुखणं मोजायची साधी पद्धत: व्यायामानंतर थोडं दुखलं आणि सकाळपर्यंत गेलं तर चालेल. सकाळी पण तेवढंच दुखत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल तर वजन कमी करा.
आता काठीचं. उभ्या काठीचं वजन कमरेवर येतं हे खरं, पण ती डुलली की तोल सावरायला हात अचानक ताण घेतो, आणि शिवलेल्या खांद्याला सगळ्यात वाईट तेच. माझ्या मते यंदा सोडा. सर्जनना फाट केवढी होती ते विचारा आणि शेवटचं त्यांचं ऐका.

होटगी रोड
अण्णा, फिजिओ साहेबांचं ऐका. मी पाचव्या महिन्यात बरं वाटतंय म्हणून धुतलेली ओली चादर एका हातानं दोरीवर झटकून टाकली. आपली सोलापुरी चादर ओली झाल्यावर किती जड होते माहितेय तुम्हाला. आत काहीतरी सुटल्यासारखं झालं, परत एमआरआय, टाका सुटलेला निघाला, दुसरं ऑपरेशन आणि परत सहा आठवडे झोळी. तंबाखू खात असाल तर ती पण बंद करा, जखम भरायला वेळ लावते, मला दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तेच पहिलं विचारलं.

बाळीवेसकर
सगळ्यांचे मनापासून आभार. चादरीचं वाचून अंगावर काटा आला. तंबाखू आहे, आजपासून सोडतो. घरी बोललो, यंदा काठी पुतण्या घेईल, त्याचा पण दोन वर्षांपासून सराव आहे. मी बाराबंदी घालून शेजारी चालणार, यात्रेच्या वाटेवरच्या अडुसष्ट शिवलिंगांपर्यंत सगळ्या वाटेनं. सर्जनची सोमवारची वेळ घेतलीय. बाटलीचा व्यायाम आत्ता करून बघितला, बाराव्या वेळेला हात थरथरला, हे बरोबर आहे का?

खांदा फिजिओ
दुखलं नाही आणि नुस्तं थरथरलं असेल तर बरोबर. उद्या सुट्टी, परवा दहावर थांबा. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतंय ते इथेच लिहा.